रिकामी कबर, अनेक साक्षी

भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव ऐन तारुण्यात वारला. प्रेत स्मशानात नेलं, सरण रचलं, आणि सरणावरचा देह हलला. हरिपाळदेव उठून बसला. रडत आलेली माणसं त्याला घेऊन घरी परतली. लीळाचरित्राच्या ‘एकांक’ या पहिल्या भागात ही हकीकत येते. पुढे हाच तरुण रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडला आणि वाटेत वऱ्हाडातल्या रिद्धपूरला थांबला. तिथे त्याला गुंडम राऊळ म्हणजे गोविंदप्रभू भेटले. बरोबरचा लवाजमा, घर, बायको सगळं मागे राहिलं आणि हरिपाळदेवाचे चक्रधरस्वामी झाले. ही तेराव्या शतकातली गोष्ट आहे, आणि रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे.

येशूच्या पुनरुत्थानाविषयीच्या प्रकरणाची सुरुवात मी मुद्दाम इथून करतो आहे. मेलेला माणूस उठला ही कथा वऱ्हाडच्या मातीला परकी नाही. ती कशी जपली गेली, कोणी सांगितली, कोणी लिहून घेतली आणि सांगणाऱ्यांत फरक पडला तेव्हा काय केलं, याचा मोठा अनुभव या भागाच्या पोथ्यांत साठलेला आहे. तो हाताशी ठेवून नवा करार वाचला, तर चार शुभवर्तमानांतल्या ज्या विसंगती वाचकाला अडवतात, त्याच त्याला आत घेऊन जातात.

पण आधी दोन्हींतला फरक नीट पाहायला हवा. चक्रधरांना मानणाऱ्या महानुभाव पंथाच्या मते सरणावरून उठलेला माणूस हरिपाळदेव नव्हताच. द्वारावतीला सूप-खराटा घेऊन रस्ते झाडणारे चांगदेव राऊळ, म्हणजे चक्रपाणी, यांनी आपला देह सोडला आणि हरिपाळाच्या निष्प्राण देहाचा स्वीकार केला. परमेश्वर देह धारण करतो त्याचे प्रकार पंथाने बारकाईने लावले आहेत: गर्भातून येणं, असलेला जीव दवडून त्या देहात येणं, आणि पतित म्हणजे मृत देह स्वीकारणं. चक्रधरांचा अवतार हा तिसऱ्या प्रकारचा. देह जुनाच, त्यात राहणारा मात्र वेगळा.

येशूच्या बाबतीत सांगणं याच्या उलट आहे. राहणारा तोच, देहाची जात मात्र बदललेली. शुभवर्तमानांत मेलेली माणसं जिवंत झाल्याच्या इतरही कथा आहेत. याईराची बारा वर्षांची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा, चार दिवस कबरेत असलेला लाजर ही त्यांतली ठळक नावं. त्याआधी जुन्या करारात एलीया आणि अलीशा या संदेष्ट्यांनी उठवलेली मुलं आहेत. ही सगळी माणसं आपल्या जुन्या आयुष्यात परतली. जेवली, मोठी झाली आणि यथाकाळ पुन्हा वारली. येशूबद्दल पहिल्या अनुयायांनी असं कधीच म्हटलं नाही. तो मृत्यूच्या पलीकडे गेला, त्याला आता पुन्हा मरण नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही कल्पना शून्यातून आली नव्हती. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास सिरियाचा राजा अँटिओकस चौथा याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि न ऐकणाऱ्यांना छळून मारलं. देवाशी एकनिष्ठ राहिलेला माणूसच हाल सोसून मरतो, मग देवाचा न्याय कुठे राहिला, हा प्रश्न त्या काळात टोकाला गेला. दानीएलाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय याच काळातला मानतात; मातीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील, अशी स्पष्ट आशा तिथे दिसते. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एक आई आणि तिचे सात मुलगे राजासमोर एकामागून एक मरतात, आणि देव हे शरीर परत देईल असं मरता मरता सांगतात. येशूच्या काळापर्यंत परूशी ही गोष्ट मानू लागले होते. मंदिराचा कारभार पाहणारे सदूकी ती नाकारत होते. म्हणजे मेलेले उठतील की नाही, हा यरुशलेमच्या रस्त्यांवरचा जिता वाद होता. त्यात येशूच्या अनुयायांनी घातलेली भर अशी, की युगाच्या अंती सगळ्यांचं जे होणार होतं, ते एका माणसाचं आत्ताच, इतिहासाच्या मधोमध झालं.

याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा शुभवर्तमानांत नाही, तो पौलाच्या पत्रात आहे. करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाने हे पत्र इफिसहून लिहिलं, इसवी सन ५४ च्या आसपास. येशूला वधस्तंभावर दिलं त्याला तेव्हा साधारण पंचवीस वर्षं झाली होती. पंधराव्या अध्यायात पौल सांगतो, की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं आहे. मग तो एक यादी देतो. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. तो केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना. सगळ्यांत शेवटी मलाही दिसला, असं पौल म्हणतो.

या यादीची घडण तोंडी पाठ करण्याजोगी आहे, आणि ती पौलाच्या आधीची आहे हे त्याच्याच शब्दांवरून कळतं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की परिवर्तनानंतर तीन वर्षांनी आपण यरुशलेमला गेलो, पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. यादीत नावानिशी आलेली दोन्ही माणसं त्याने समोरासमोर पाहिली होती. पाचशे जणांबद्दल तर तो असंही सांगतो, की त्यांतले काही वारले असले तरी बहुतेक अजून हयात आहेत. ज्याला विचारायचं असेल त्याने जाऊन विचारावं, असा त्याचा रोख आहे. पौलाच्या यादीतली ही एक ओळ मला फार मोलाची वाटते.

पण या यादीत रिकामी कबर नाही. दगड नाही, देवदूत नाही. आणि बाई एकही नाही.

सुमारे पंधरा वर्षांनी, इसवी सन ७० च्या आगेमागे मार्काचं शुभवर्तमान लिहिलं गेलं. तिथे मात्र सगळं बायकांपासून सुरू होतं. शब्बाथ संपल्यावर भल्या पहाटे मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमी देहाला लावायची सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघतात. दाराची धोंड कोण सरकवील, ही त्यांची चिंता. धोंड आधीच सरकलेली असते. आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण सांगतो, की तो इथे नाही, उठला आहे. पेत्राला आणि शिष्यांना सांगा, गालीलात तो भेटेल. बायका थरथर कापत पळ काढतात आणि भीतीमुळे कोणालाच काही सांगत नाहीत.

मार्काच्या शेवटासकट टिकलेल्या सगळ्यात जुन्या प्रती इथेच संपतात. व्हॅटिकनमधलं आणि सिनाई पर्वताजवळच्या मठात सापडलेलं अशी चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखितं आहेत. दोन्हींत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनानंतर मार्काचा मजकूर नाही. पुढची बारा वचनं, ज्यांत येशू मरीयेला, वाटेवरच्या दोघांना आणि अकरा जणांना दिसतो, ती नंतर कोणीतरी जोडली. जोडणाऱ्याची तगमग समजू शकते. गोष्ट भेदरलेल्या बायकांवर आणि त्यांच्या मौनावर थांबते, येशू कोणाला दिसतच नाही, हे त्याला अपुरं वाटलं असणार. मला स्वतःला मूळ शेवट अधिक खरा वाटतो. मेलेला माणूस जागेवर नाही हे कळल्यावर आनंदाच्या आधी भीतीच येते.

मत्तय आणि लूक यांनी मार्काचा मजकूर समोर ठेवून आपापलं शुभवर्तमान लिहिलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही दोघे वेगवेगळ्या वाटांनी जातात. मत्तयाकडे दोघीच मरीया आहेत, भूकंप होतो, देवदूत धोंड लोटून तीवर बसतो, कबरेवर पहारेकरी आहेत, आणि येशू गालीलातल्या डोंगरावर शिष्यांना भेटतो. लूक सगळ्या भेटी यरुशलेमच्या परिसरात घडवतो. त्याच्याकडे कबरेत दोन पुरुष आहेत, आणि अम्माऊस गावाच्या वाटेवर क्लयपा आणि त्याचा सोबती यांच्याबरोबर एक अनोळखी वाटसरू चालतो. तो येशू आहे हे त्यांना संध्याकाळी भाकरी मोडताना कळतं, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. योहानाकडे मग्दालीया मरीया एकटीच कबरेपाशी रडत उभी आहे. समोरच्या माणसाला ती माळी समजते, आणि त्याने नाव घेऊन हाक मारल्यावर ओळखते.

त्याचा देह कसा होता, याबद्दलही या कथा एकाच दिशेने बोलत नाहीत. लूकाकडे तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. योहानाकडे थोमाला जखमांना हात लावायला सांगतो, पण त्याआधी बंद दारांच्या खोलीत येऊन उभा राहिलेला असतो. जवळची माणसं त्याला पटकन ओळखत नाहीत. या सगळ्यावर पौलाचं उत्तर शेतातलं आहे: पेरतो तो नुसता दाणा, गव्हाचा किंवा दुसऱ्या कशाचा, आणि उगवतं ते अंग त्या दाण्यासारखं दिसत नाही. मृगानंतर तिफणीमागे चाललेल्या वऱ्हाडी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दाणा आणि ताट यांच्यात नातं आहे, सारखेपणा नाही. पौलाच्या मते मर्त्य देह आणि उठलेला देह यांच्यातलं नातं असंच.

आता या विसंगतींचं काय करायचं? बायका किती होत्या, देवदूत एक की दोन, पहिली भेट गालीलात की यरुशलेमात? हे प्रश्न दुसऱ्या शतकातच विचारले जाऊ लागले होते. ग्रीक विचारवंत सेल्ससने १७५ ते १८० च्या सुमारास ख्रिस्ती लोकांवर टीकेचं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने या सगळ्या बोलण्यामागे एक वेडसर बाई आहे, असं हिणवलं. त्याचा वार मग्दालीया मरीयेवर होता. आणि त्या जगात तो वर्मी लागणारा होता, कारण यहुदी इतिहासकार जोसेफस स्पष्ट लिहितो की बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये. लूकही सांगतो, की बायकांनी आणलेली बातमी शिष्यांना बडबड वाटली.

इथेच रिद्धपूरच्या पोथ्या मदतीला येतात. चक्रधर उत्तरेकडे निघून गेले, आणि ते आजही तिकडे आहेत अशी पंथाची श्रद्धा आहे. मागे राहिलेले नागदेवाचार्य, ज्यांना भटोबास म्हणत, आणि इतर शिष्य चक्रधरांच्याच सांगण्याप्रमाणे रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत आले. लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या त्या याच मंडळींमध्ये राहून. भटोबासांना विचारलं, आणि ज्यांना ज्यांना स्वामींचा सहवास लाभला त्यांना गाठून त्यांच्या तोंडून लीळा ऐकल्या. घटना कोणत्या गावी घडली हे नोंदवलं. पंथाने पुढे स्थानपोथी केली. स्वामी कुठे बसले, ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होतं, इतक्या बारकाईने त्यात जागा टिपल्या आहेत. मार्काकडे मग्दालीया मरीया आणि दुसरी मरीया येशूला कुठे ठेवलं ते पाहून ठेवतात, त्याचं मोल हे वाचल्यावर कळतं.

आणि आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा? महानुभाव पोथ्यांमध्ये एकाच लीळेचे निरनिराळे पाठ सांगणाऱ्याच्या नावानिशी येतात. अमक्याने असं सांगितलं, तमक्याने तसं. एक ठेवून बाकीचे पुसून टाकण्यापेक्षा सगळे जपण्याकडे त्यांचा कल दिसतो. परंपरा असं सांगते, की देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, आणि मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. त्यांत हिराइसेचं नाव अग्रभागी आहे. हिराइसेचा पाठ हा लीळाचरित्राचा मानाचा पाठ. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ एका बाईच्या स्मरणशक्तीने वाचला, आणि पंथाने तिची साक्ष बाईची म्हणून बाजूला सारली नाही. त्याच मंडळीत प्रश्न विचारून विचारून समजून घेणारी महदाइसाही होती, जिचे धवळे रिद्धपूरलाच रचले गेले.

चार शुभवर्तमानांकडे या नजरेने पाहिलं की मग्दालीया मरीयेचं नाव डोळ्यांत भरतं. बाकी नावं बदलतात, बायकांची संख्या बदलते, ती मात्र चारही ठिकाणी आहे. पौलाने दिलेल्या औपचारिक यादीतून ती गळाली, कदाचित बायकांची साक्ष चालणार नाही म्हणूनच. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती. कथा नव्याने रचायची असती, तर कबरेपाशी पहिल्यांदा पेत्राला पाठवणं सोयीचं होतं. तसं कोणीच केलं नाही. याचा अर्थ ती पहाट इतिहासात जशीच्या तशी घडली असा मी लावत नाही. तो निर्णय श्रद्धेचा आहे. पण बायकांची आठवण इतकी जुनी आणि इतकी पक्की होती, की गैरसोयीची असूनही ती गाळता आली नाही, एवढं मला ठामपणे म्हणावंसं वाटतं.

दुसरं एक मौन तितकंच लक्षणीय आहे. येशू कबरेतून उठला तो क्षण चौघांपैकी एकही जण रंगवत नाही. कोणी तो पाहिला नव्हता, म्हणून कोणी सांगितला नाही. तो रंगवण्याचा मोह पुढे एका लेखकाला झाला. १८८६-८७ च्या सुमारास इजिप्तमध्ये अखमीम इथल्या एका कबरेत ‘पेत्राचं शुभवर्तमान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाचा तुकडा सापडला. त्यात पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत दोघे जण तिसऱ्याला आधार देत कबरेबाहेर आणतात. दोघांची डोकी आभाळाला टेकलेली, तिसऱ्याचं त्याहून वर. मागोमाग वधस्तंभ चालत येतो आणि आकाशवाणीला उत्तर देतो. वाचायला हे थरारक आहे, पण इथे साक्षीदाराचा आवाज हरवला आहे. चर्चने हा ग्रंथ आपल्या शास्त्रात घेतला नाही.

चार कथांची एक करायचा प्रयत्नही झाला. १७० च्या सुमारास तातियन नावाच्या सिरियन विद्वानाने चारही शुभवर्तमानं गुंफून एकच सलग ग्रंथ केला. दोन देवदूतांचा प्रश्न मिटला, बायकांचा हिशोब लागला. सिरियाच्या मंडळ्यांत तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. पण तिकडे ल्यों शहरात इरेनियस १८० च्या सुमारास शुभवर्तमानं चारच, कमी नाहीत आणि जास्त नाहीत, असं आग्रहाने मांडत होता, आणि शेवटी तेच टिकलं. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने आपल्या भागातल्या चर्चमधून तातियनच्या ग्रंथाच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं ठेवली.  चार जणांची साक्ष एकाच्या गुळगुळीत कथेपेक्षा शेवटी अधिक मोलाची ठरली.

मराठीत या शुभवर्तमानांची भाषांतरं छापली जायला सुरुवात झाली १८०५ साली. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेलं मत्तयाचं शुभवर्तमान त्या वर्षी निघालं, आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मोडी लिपीत छापला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्याला मिशनऱ्यांचं ठाणं झालं, आणि १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत तयार झाला. तिथल्या चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री कोणतं शुभवर्तमान वाचायचं हे तीन वर्षांच्या चक्राने ठरतं: एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. ईस्टरच्या सकाळसाठी योहान असतो. म्हणजे अमरावतीतला श्रद्धाळू एका वर्षी भूकंप ऐकतो, एका वर्षी पांढऱ्या झग्यातला तरुण, एका वर्षी दोन पुरुष.

मार्काच्या वर्षी मात्र वाचन सातव्या वचनाशी थांबतं. गालीलात तो भेटेल, हा निरोप ऐकू येतो. बायका घाबरून पळाल्या आणि गप्प राहिल्या, ते आठवं वचन गाळलेलं असतं. मार्काच्या शेवटाला नवी पुरवणी जोडणाऱ्या त्या जुन्या लेखनिकाची अस्वस्थता इथे अजून शिल्लक आहे. २०२७ च्या ईस्टरला पुन्हा मार्काची पाळी येईल. त्या रात्री ते आठवं वचनही मोठ्याने वाचलं जावं, असं मला फार वाटतं, कारण कबरेपाशी पहिल्यांदा पोचलेल्या त्या तिघींना काय झालं हे सांगणारं सगळ्यात जुनं वाक्य तेच आहे.